जुना ‘इंग्लंडचा’ रंधा घेताना रंगाखाली काय लपवतात

जुळे सोलापुरातल्या एका फर्निचर कारागिराला जुन्या बाजारात दोन लोखंडी रंधे गळ्यात मारले गेले, एक 4 नंबर मापाचा आणि एक 5 नंबर मापाचा. ‘बंद पडलेल्या मिलच्या वर्कशॉपचा इंग्लंडचा माल’ असं सांगून. सोलापुरात ही थाप लगेच पटते, कारण इथे मिल होत्या आणि त्या बंदही पडल्या. रंधे चकाचक, आतला काळा रंग ताजा. तो ताजा रंगच पहिल्यांदा खटकायला हवा.

5 नंबरच्या तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या खाचेच्या, कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीत तडा होता. रंधा हातातून पडला की बीड (ओतीव लोखंड) बहुधा इथेच तडकतं, कारण तोंडाच्या खाचेमुळे तिथे लोखंड कमी उरतं. तड्यात पितळेची झाळ भरून वरून ग्राइंडर फिरवला होता. झाळेच्या उष्णतेने तळ वाकतो. मग तोंडासमोरचा भाग लाकडावर टेकत नाही, लाकडाच्या रेषा दाबल्या जात नाहीत आणि सागवान उचकटतं.

4 नंबरची फसवणूक वेगळी. लिव्हर कॅपवर, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या टोपीवर, ‘स्टॅन्ले’ या कंपनीचं नाव, पण बॉडीवर ओतीव अक्षर एकही नाही. कॅप एका स्क्रूवर बसते, त्या मापाच्या दुसऱ्या बॉडीवरही चढवता येते. नाव बॉडीवरच बघा.

पातं मात्र दोन्हींचं वाया गेलेलं. जुन्या पात्याला पाणी (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) पुढच्या भागालाच दिलेलं असतं. घासून घासून धार लांब खाचेजवळ आली की मागे मऊ लोखंड उरतं. त्याला कितीही धार लावा, टिकत नाही.

पैसे देण्याआधी रंधा पूर्ण खोलायला लावा. विकणारा नको म्हणाला तर घेऊ नका. तळाला रॉकेल लावून दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा, खडूची पूड चोळा. तडा असेल तर ओली रेघ उमटते. तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा: पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची कड आणि मागचं टोक टेकलंच पाहिजे. पात्याच्या बाजूला, धारेजवळ, नवी बारीक कानस हलकी फिरवा. घसरली तर पाणी आहे, खरवडली तर नाही. धारेवर निळसर डाग म्हणजे ग्राइंडरवर तापून पाणी उतरलंय.

तडकलेली बॉडी वापरायला म्हणून कोणत्याही भावात नको. पण फ्रॉग (पातं ज्यावर बसतं तो तुकडा), पितळी चाक, मुठी शाबूत असतील तर सुट्या भागांच्या भावात घ्यायला हरकत नाही.