घड्याळातलं आकाश जिनिव्हाचं

मस्कतहून जानेवारीत आलेल्या मावसभावाने जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीचं, तबकडीवर ताऱ्यांचं आकाश दाखवणारं सेलेस्टियल घड्याळ, मॉडेल 6102, माझ्या मनगटावर बांधलं आणि मी थेट गच्ची गाठली. 44 मिलिमीटरची केस, म्हणजे बाहेरची डबी, आत सफायर काचेच्या चकत्या एकावर एक. ताऱ्यांची चकती 23 तास 56 मिनिटांत फेरा पूर्ण करते, आकाशासारखीच. बॅटरी नाही, हात हलला की चावी भरते. आकाशगंगेचा तो धूसर पट्टा जवळून बघाच, काय नजाकत आहे!

चंद्र तर आमच्या जिव्हाळ्याचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, हे आमच्या मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर लहान पोरही सांगेल. साध्या चंद्रकलेच्या घड्याळात 59 दात्यांचं चाक असतं, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांचा महिना. खरा महिना त्याहून सरासरी 44 मिनिटांनी मोठा, त्यामुळे अडीच-पावणेतीन वर्षांत एक दिवस चुकतो. पाटेकचा चंद्र त्याहून कितीतरी काटेकोर.

तक्रार एकच, पण मोठी. तबकडीवरच्या लंबवर्तुळात दिसतं ते जिनिव्हाचं आकाश. तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून 46 अंशांवर, आमच्याकडे जेमतेम 16. व्याधाचा तारा सापडला, पण दक्षिणेला माडांवर लखलखणारा अगस्तीचा तारा त्या चौकटीत नाहीच; जिनिव्हात तो उगवतच नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला स्वतःच्या गावाचं आकाश मिळायलाच हवं. शिवाय खाऱ्या हवेत, होडीवर हे घालायची माझी छाती नाही. कारागिरीला मात्र पैकीच्या पैकी गुण.