सावईवेऱ्याचं आमचं घर आणि दोन तोंडांनी दोन किमती सांगणारा एजंट

गोव्यात फोंडा महालातल्या सावईवेरे गावचं वडिलोपार्जित घर विकायला काढलं तेव्हा पणजीतल्या एका एजंटाशी आम्ही सहा महिन्यांचा करार केला. त्या मुदतीत घर फक्त त्याच्यामार्फतच विकायचं आणि व्यवहार झाला की आमच्याकडून दोन टक्के द्यायचे, असं ठरलं. मुदत संपली. घर आमच्याच नावावर आहे. पाचपैकी एक तारा देते आहे, तो फोटोंसाठी. फोटो खरंच सुंदर काढले होते, ड्रोनमधून कुळागर, म्हणजे घरामागची बागायत, दिसतं ते तर फारच.

बाकी सगळं वाईट का, ते सविस्तर लिहिते, कारण फोंडा महालात अशी घरं विकायला निघालेली बरीच कुटुंबं आहेत.

आमचं घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक, आणि त्यात तुळस. मागे कुळागर: पोफळी, माड, मिरवेली, केळी, आणि त्यांना पाणी नेणारा पाट. पणजोबांनी बांधलेलं घर. एक भाऊ पुण्यात, एक दुबईत आणि मी फोंड्यात. आई गेल्यावर चवथीच्या गणपतीपुरतं उघडायचं आणि वर्षभर वाळवी शोधत बसायचं, हे आम्हाला जमेना. या घराबद्दल परक्यांशी कोण बोलणार, काय बोलणार, याची मला काळजी होती. एजंटाला पहिल्याच भेटीत मी तसं सांगितलं होतं.

जाहिरात आली ती 'पोर्तुगीज हेरिटेज व्हिला' म्हणून. फोंडा महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला तोच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींत, म्हणजे त्यांनी मागाहून घेतलेल्या मुलखात. आमच्या घरात ना बाल्कांव, म्हणजे दारापुढची बाकांची ओसरी, ना शिंपल्यांच्या खिडक्या. हे हिंदू घर आहे, राजांगणाभोवती बांधलेलं, आणि त्याची प्रतिष्ठा त्यातच आहे. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, पोर्तुगीज लिहिलं की फोन येतात." फोन आले. दिल्लीचं एक जोडपं बाल्कांव शोधत आलं आणि राजांगणात उभं राहून एकमेकांकडे बघत राहिलं. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि त्यांचा राग ऐकायला समोर मी होते. जाहिरात दुरुस्त करायला त्याने पुढचे कित्येक आठवडे लावले.

कुळागराचं प्रकरण त्याहून गंभीर. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये आमच्या जमिनीचा पुढचा भाग सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यात आहे आणि मागचा ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीच्या. नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला आणि फॉर्म एक-चौदाची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, प्रत मी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात दिली होती. तरीही बंगळुरूच्या एका गृहस्थांना त्याने सांगितलं, मागे तरणतलाव होईल, दोन कॉटेजही बसतील. त्या गृहस्थांनी वास्तुविशारद सोबत आणला होता. तो नकाशा उघडून बसला आणि पाच मिनिटांत बोलणं संपलं. त्यांचा विमानखर्च वाया गेला. पण मला लागलं ते वेगळंच: पोफळी तोडून तलाव करायचं आमिष आमच्या नावाने दाखवलं गेलं.

कुळागराच्या कडेला आमच्या मुंडकारांचं, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुटुंबाचं, घर आहे. त्यांची तिसरी पिढी तिथे राहते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण आहे, राहतं घर विकत घेण्याचा हक्कही आहे. ती जागा वगळून बाकीचीच विकायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं आणि करारात लिहूनही घेतलं होतं. एजंट गिऱ्हाइकांना सांगत होता, "त्यांचं बघून घेऊ." हे मला मुंडकारांच्या सुनेकडून कळलं. ती घाबरून विचारायला आली, "माई, आमकां काडटले?" म्हणजे आम्हाला इथून काढणार का? त्या दिवशी मी त्याला फोनवर जे बोलायचं ते बोलले.

सह्यांचंही तेच. गोव्यात लग्नानंतर, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे विक्रीखतावर माझ्या यजमानांची आणि दोन्ही वहिनींचीही सही लागते, आणि दुबईहून मुखत्यारपत्र यायला वेळ लागतो. गोव्यात धंदा करणाऱ्या माणसाला हे मी शिकवायला नको. गिऱ्हाइकाला मात्र 'पंधरा दिवसांत रजिस्ट्री' असं वचन गेलेलं.

आता किंमत. आम्ही मागितले एक कोटी साठ लाख. एजंट दर वेळी सांगायचा, बाजार थंड आहे, एक चाळीसवर या, नाहीतर वर्षभर बसाल. आम्ही नाखुशीने एक पन्नासपर्यंत आलो. मग मडगावचे एक डॉक्टर घर बघायला आले, त्यांना घर मनापासून आवडलं. राजांगणात चहा घेताना ते सहज म्हणाले, "एक पंच्याण्णव थोडे जास्त वाटतात." मी पेला खाली ठेवला. एजंट पडवीत फोनवर होता. आत आल्यावर मी डॉक्टरांसमोरच विचारलं. तो म्हणाला, घासाघीस करायला जागा ठेवावी लागते. मग आम्हाला खाली का ओढत होतास, याला उत्तर नव्हतं. आमच्याच वकिलांनी नंतर सांगितलं की मालकाच्या नकळत एजंटाने व्यवहारात स्वतःचा फायदा काढला तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तो फायदा मालकाला मागता येतो. आमचा व्यवहारच झाला नाही, म्हणून मागण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टरांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यांची चूक नाही.

त्यानंतरही तो एक प्रस्ताव घेऊन आला: चाळीस लाख रोख, बाकी खतावर. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. त्याशिवाय आमच्या बाबांनी आयुष्यभर मामलेदार कचेरीत नोकरी केली, त्यांच्या घराचा व्यवहार असा होणार नाही. मी सरळ नाही म्हटलं.

घर दाखवण्याची रीतही सांगते. न कळवता भर दुपारी माणसं घेऊन यायचा, बूट घालून थेट देवकुडीत. गणपतीवर फळं-पानं बांधायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीला धरून लोंबकळून कुणीतरी फोटो काढला. आमची शेजारीण किल्ली सांभाळते, तिला त्याने कधी नमस्कारसुद्धा केला नाही.

त्याच्या कार्डावर रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापलेला आहे आणि तो खरा आहे. पण ती नोंदणी बिल्डरांच्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी लागते. एका कुटुंबाच्या जुन्या घराच्या व्यवहारात तिचा आधार आम्हाला मिळाला नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, वकील त्याचे कागद बघत आहेत.

तुम्ही करार करणार असाल तर गिऱ्हाइकाला सांगितलेली किंमत आणि त्याने दिलेला देकार तुम्हाला लेखी कळवण्याची अट घाला. जाहिरातीचा मजकूर तुमच्या मंजुरीशिवाय छापायचा नाही, हेही लिहून घ्या. आणि मुदत संपल्यावर जाहिरात किती दिवसांत काढायची तेही. आमची अजून दोन संकेतस्थळांवर आहे, किंमत एक पंच्याण्णवच. परवाही कुणीतरी फाटकाशी येऊन उभं होतं. शेजारणीला मी सांगून ठेवलं आहे की घर बघायचंच असेल तर त्यांना माझा नंबर द्यायचा, खरी किंमत मी सांगेन.