टिळकवाडीतले बॉक्स ब्रेड्स: हात चांगला, हिशेब मोघम

बेळगावात आरपीडी क्रॉसजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर हे पार्लर आहे. तिथे मी बॉक्स ब्रेड्स घालून घेतले, म्हणजे डोक्यावर चौकोन पाडून, खोटे केस मिसळून घातलेल्या वेण्या. पैशांवरून तक्रार आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण वेण्या घालणाऱ्या मुलीचं कौतुक आधी.

गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या वेण्या घालून तिचा हात बसलाय. टोकदार दांडीच्या कंगव्याने मानेपासून वर चौकोन पाडत गेली, एक भांग वाकडा नाही. माझ्या तिने नॉटलेस घातल्या. म्हणजे आधी आपल्याच केसांचे तीन पेड घ्यायचे, वेणी जरा खाली गेली की खोटे केस थोडे थोडे मिसळत जायचे. मुळाशी गाठ येत नाही, ओढ कमी बसते. कपाळावरचे कोवळे केस तर तिने वेणीत घेतलेच नाहीत. रोज तीच ओढ बसली की तिथले केस विरळ होतात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर परत येत नाहीत, हे तिनेच सांगितलं. शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवून बंद केली. सकाळी बसले ती दिवेलागणीला उठले. मध्ये चहा मिळाला, तोही चांगला.

आता हिशेब. फोनवर साडेचार हजार म्हणाले. खोट्या केसांचे पैसे वेगळे आणि वेण्या सोडवायचे वेगळे, हे डोकं अर्धं झाल्यावर कळलं. तसं अर्धं डोकं घेऊन कोण उठून जाणार? एकूण आकडा आधी व्हॉट्सअपवर लिहून घ्या. खोटे केसही धुवून घेतलेले नव्हते. आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवले तर त्यावरचा थर निघतो, नाहीतर पहिले काही दिवस मान खाजते. माझी खाजली.

घरी आज्जीने बघितलं आणि हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. "जट आल्यागत दिसायलंय की गं!" आमच्याकडे जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं, जट आलेली मुलगी देवीला सोडायची. देवाला मुली सोडायला बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२चा, पण तिच्या मनातली भीती त्याहून जुनी. एक वेणी सोडून परत घालून दाखवली तेव्हा कुठे ती जेवली. एका बाबतीत मात्र तिचं बरोबर आहे: ब्रेड्स जास्त दिवस ठेवले तर मुळाशी गळलेले केस अडकून खरोखरच जट होते. सहा ते आठ आठवडे ही हद्द. तीही दाट कुरळ्या केसांची. खानापूरकडच्या माझ्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, मैत्रिणीच्या वेण्या जागच्या हलत नाहीत. माझे केस सरळ आणि गुळगुळीत, महिन्यातच घसरायला लागल्या.

स्कूटी चालवणाऱ्यांनी अंबाडा मानेवर बांधायचा, वर बांधला तर हेल्मेट बसत नाही. धुताना पातळ केलेला शाम्पू फक्त भांगांत सोडायचा आणि वेण्या पूर्ण वाळवायच्या. म्हणूनच जून ते सप्टेंबर या भानगडीत पडूच नका. आपल्या बेळगावच्या पावसात टॉवेल वाळत नाही, एवढ्या वेण्या कुठल्या वाळणार? ओल राहिली की कुबट वास येतो.

दिवाळीनंतर मी परत त्याच मुलीकडे जाणार, खोटे केस स्वतः आणून, घरी भिजवून. लग्नाच्या मुहूर्ताचा दिवस टाळा. नवरी आली की तुम्हाला मध्येच सोडून ती तिकडे पळते.