तुसालाङा : ८ महिने वापरल्यावर

इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत कम्प्युटरला 'क़ारिसाउयाक़' म्हणतात, म्हणजे मेंदूसारखं काहीतरी. हे वाचलं आणि भाषांतराच्या धंद्यातली असल्यामुळे राहवेना. 'तुसालाङा' हे इनुक्टिटुट शिकवणारं अ‍ॅप तेव्हा घेतलं. कॅनडाच्या नुनावुतमध्ये, इक़ालुइतच्या पिरुर्विक केंद्राने ते बनवलंय. नावाचा अर्थ 'मला ऐकू दे'.

शब्दाचा खरा उच्चार ऐकता येतो, ही मोठी सोय. तो 'क़' पार पडजिभेपाशी निघतो. पहिला महिनाभर घरचे विचारायचे, घसा बसलाय का? 'ङ' मात्र आपलाच. पाटीवर गिरवला आणि पुढे 'वाङ्मय'पुरता उरला, तो इथे पावलोपावली भेटतो. लिपी आठवड्यात जमली. त्रिकोणाचं टोक वर केलं की 'पि', उजवीकडे 'पु', डावीकडे 'पा'.

मी अडकले ती शब्दांच्या घडणीत. 'क़ाङाता' म्हणजे वर उठणं, 'सूक़' म्हणजे नेहमी तसं करणारं. म्हणून विमान 'क़ाङातासूक़'. 'विक' म्हणजे जागा. शाळा 'इलिन्निआर्विक', शिकायची जागा. आणि इंटरनेट? 'इकिआक़्क़िविक'! थराथरांतून प्रवास करायची जागा. पूर्वी त्यांचा आङाक्कुक़, म्हणजे आपल्या देवऋष्यासारखा माणूस, स्थळकाळाचे थर ओलांडून दूरच्या नातलगांची खबर आणायचा, शिकार कुठे नाहीशी झाली ते पाहून यायचा. त्या प्रवासाचा शब्द इंटरनेटला दिलाय. हे कळलं त्या रात्री पुढचा धडा झालाच नाही. आपलं 'आंतरजाल' मला तेव्हापासून जरा पोरकं वाटतं. अर्थात सोवळं तेही पाळत नाहीत; चहाला 'ती', कॉफीला 'कापी'.

अवघड काय, तर सांधे. 'मला विमानतळावर जावं लागणार आहे' हा एकच शब्द आहे: 'क़ाङातासूक्कुविम्मूरिआक़ालाक़्तुङा'. यात 'सूक़'चा शेवटचा 'क़' शोधा बरं. गिळला गेलाय, आपल्या संधीत अक्षरं हरवतात तसा. त्यामुळे नुसते शब्द पाठ करून भागत नाही, व्याकरणाचे धडे टाळू नका. मी टाळले आणि डिसेंबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आणखी एक. बोली अनेक आहेत, त्यातली एकच धरा. मी दोन बोलींची खिचडी केली होती, ती अजून निस्तरतेय.