बीट, हळद, पालक, गोकर्ण : आठ महिने केक रंगवून झाल्यावर

मी विश्रामबागला घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. गेल्या गणपतीत जाऊबाई म्हणाल्या, अगं त्या केकच्या पिवळ्या रंगाच्या बाटलीवर काय लिहिलंय वाच तरी. वाचलं तर टार्ट्राझिन, म्हणजे आपल्याकडं परवानगी असलेलाच कृत्रिम रंग, ठरलेल्या प्रमाणात चालतो, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बीट, पालक, गोकर्णाच्या पावडरी ऑनलाइन मागवल्या, आणि सांगलीत राहून हळद काय ऑनलाइन मागवायची, ती गणपती पेठेतनं आणली.

आधी बीटबद्दल, कारण रडवलं त्यानंच. पीठ भिजवलं तेव्हा काय रंग होता म्हणून सांगू, आणि ओव्हनमधनं अर्ध्या तासानं केक बाहेर काढला तर आत चहाचा रंग. बीटातल्या बेटॅनिनला, म्हणजे त्याच्या लाल रंगद्रव्याला, उष्णता सोसत नाही, हे मला दोन केक वाया गेल्यावर कळलं. आता फक्त क्रीममध्ये घालते, पाव किलोला अर्धा चमचा, मस्त गुलाबी येतो, त्याच्यापुढं गेलात की मातकट वास येतो. आणि हो, बीटचा केक खाल्ल्यावर भाच्याची शू गुलाबी झाली आणि वहिनी डॉक्टरकडं निघाली होती, काही नसतं ते, काहींना होतं तसं.

हळद ओव्हनला घाबरत नाही. पण एकदा ताक संपलं म्हणून दूध घातलं आणि सोडा मात्र तेवढाच ठेवला, आंबटच नाही तर सोडा मुरणार कशात, केकवर विटकरी डाग! सासूबाई हसून म्हणाल्या, "कुंकू केलंस की गं." बरोबरच, हळदीला चुना लावून कुंकू करतात तेच झालं होतं. हळद पाण्यात विरघळत नाही, कोमट तुपात नाहीतर बटरमध्ये आधी कालवा, नाहीतर ठिपके दिसतात. आणि हळदीचं क्रीम लावलेला केक खिडकीत उन्हात ठेवू नका, माझा दुपारपर्यंत फिका पडला.

पालक भाजला की मेंदीच्या वाळल्या पानासारखा दिसतो, परत घेणार नाही.

गोकर्णावर मात्र जीव जडलाय. एका पोराच्या वाढदिवसाला निळा समुद्र करायचा होता, मी सवयीनं क्रीममध्ये लिंबू पिळलं आणि समुद्र जांभळा. आंबटात जांभळा, सोड्यात हिरवट. आता मुद्दाम सरबत करून पोरांसमोर लिंबू पिळते, तेवढ्यावर अर्धी पार्टी निघते.

पाकिटावर मोठ्या अक्षरात अँटिऑक्सिडंट लिहिलेलं असतं, त्याचं फार मनावर घेऊ नका. गुण आहेत, खोटं नाही, पण किलोभर केकमध्ये चिमूटभर पावडर आणि वाटीनं साखर, त्यात कसलं आरोग्य. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, तर पोटात गेलं तरी अंगात फार कमी उतरतं. उलट ऑक्सिजनशी चटकन भिडायच्या या गुणामुळंच तर डबा उघडा राहिला की बीट आणि गोकर्णाचा रंग उतरतो. पावसाळ्यात माझ्या बीटपावडरीचा दगड झाला होता. आता काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, आणि एका वेळी थोडीच आणते.

लाल भडक गाडीचा केक मागितला की मात्र मी अजून बाटलीच काढते, आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगते.