थंडरबर्डचे अंगभूत एन्क्रिप्शन: पत्रांचा खासगीपणा आणि किल्ल्यांची राखण

ईमेलमधील मजकूर खरोखर खासगी राखायचा असेल, तर सर्वसामान्य वापरकर्त्यापुढे आज दोन मार्ग आहेत. प्रोटॉन मेल किंवा टुटा यांसारख्या सेवेकडे नवा पत्ता घेऊन एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर योग्य किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बंद करण्याची, सारी व्यवस्था तिच्यावर सोपवता येते. किंवा आहे तोच पत्ता कायम ठेवून, मजकूर आपल्या संगणकावरून बाहेर पडण्यापूर्वी आपणच तो कुलूपबंद करू शकतो. या दुसऱ्या मार्गासाठी थंडरबर्ड हा मोफत आणि मुक्त स्रोत ईमेल प्रोग्राम सध्या सर्वांत सोयीचा आहे, असे माझे मत आहे, आणि हे परीक्षण त्यातील ओपनपीजीपी या एन्क्रिप्शनच्या सुविधेचे आहे. संदेश कुलूपबंद करण्याचे काम हा प्रोग्राम चोख करतो. किल्ली नेमकी कोणाची, ती कुठे ठेवली आहे आणि पलीकडचा माणूस तिची काय काळजी घेतो, हे प्रश्न मात्र तो बव्हंशी वापरकर्त्यावरच सोडतो.

अशा सुविधेची गरज का पडावी, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ईमेलची ने-आण करणारा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ मध्ये ठरला, तेव्हा त्यात मजकूर लपवण्याची कोणतीही सोय नव्हती. आज बहुतेक सेवा एका सर्व्हरपासून दुसऱ्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास टीएलएस या वाटेतील एन्क्रिप्शनच्या पद्धतीने सुरक्षित करतात. परंतु हे संरक्षण प्रत्येक टप्प्यापुरतेच असते, आणि पाठवणाऱ्याच्या तसेच स्वीकारणाऱ्याच्या सेवेच्या सर्व्हरवर तोच ईमेल वाचता येईल अशा रूपात पोहोचतो. सेवा चालवणारी कंपनी, तिच्या यंत्रणेत शिरलेला घुसखोर किंवा तुमचा पासवर्ड हाती लागलेली व्यक्ती, यांपैकी कोणालाही तो वाचता येतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये पाठवणारा समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने मजकूर बंद करतो आणि तो केवळ त्या व्यक्तीजवळ असलेल्या खासगी किल्लीनेच उघडतो. मधल्या सर्व्हरना निरर्थक अक्षरांचा ढीग तेवढा दिसतो. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी प्रसिद्ध करून ही पद्धत सामान्य संगणकावर आणली. त्यापायी निर्यातबंदीच्या कायद्याखाली अमेरिकी सरकारने त्यांची चौकशी चालवली आणि १९९६ मध्ये ती बंद केली. पुढे याच पद्धतीचे ओपनपीजीपी हे खुले मानक झाले, ज्याची २००७ मधील आवृत्ती दीर्घकाळ चालली आणि २०२४ मध्ये आरएफसी ९५८० या नावाने नवी आवृत्ती आली.

थंडरबर्डमध्ये पूर्वी हे सारे एनिगमेल नावाच्या जोड-प्रोग्रामाद्वारे करावे लागे आणि त्याच्या जोडीला जीएनयूपीजी हा एन्क्रिप्शनचा मुक्त प्रोग्राम वेगळा बसवावा लागे. २०२० मधील ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी थेट थंडरबर्डमध्येच आले. परवान्यांच्या अडचणीमुळे त्यासाठी जीएनयूपीजीऐवजी आरएनपी ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरण्यात आली. जुन्या जाणकारांनी त्यावर बरीच नाराजी व्यक्त केली, कारण त्यांच्या किल्ल्या जीएनयूपीजीच्या व्यवस्थेत होत्या आणि आता त्या दोन ठिकाणी सांभाळण्याची वेळ आली. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र या बदलाचा निखळ फायदाच झाला. स्मार्टकार्डवर किल्ली ठेवणाऱ्यांसाठी जीएनयूपीजीची जोड आजही देता येते. पण तो मार्ग थोड्यांचा आहे.

किल्ली तयार करणे हा या सुविधेतील सर्वांत सोपा भाग आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन या विभागात जाऊन नवी किल्ली मागितली की आरएसए किंवा एलिप्टिक कर्व्ह या किल्लीमागच्या गणिती पद्धतींपैकी एक प्रकार निवडायचा असतो, आणि किल्लीची मुदत आपण बदलली नाही तर ३ वर्षांची असते. ही मुदत अनेकांना कटकट वाटते; मला ती योग्य वाटते. किल्ली हरवली तरी ठरावीक काळानंतर ती आपोआप निरुपयोगी होते आणि लोक तिने संदेश बंद करून पाठवत राहत नाहीत. किल्ली हाती असेल, तर मुदत केव्हाही वाढवता येते.

खरी अडचण पुढे आहे. तयार झालेली खासगी किल्ली थंडरबर्ड आपल्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिला स्वतःच निर्माण केलेल्या पासवर्डने बंद करतो; पण तो पासवर्डही त्याच प्रोफाइलमध्ये असतो. वापरकर्त्याने प्रायमरी पासवर्ड, म्हणजे थंडरबर्डने साठवलेली गुपिते बंद करणारा मुख्य पासवर्ड, ठरवला नसेल, तर ज्याच्या हाती तो संगणक किंवा त्या फोल्डरची प्रत पडेल त्याला किल्लीही मिळाली, असेच समजावे. प्रत्येक किल्लीला स्वतंत्र पासफ्रेज (लांब पासवर्ड) देण्याची सोय नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आली ही चांगली गोष्ट आहे, तरी ती वापरणे ऐच्छिक आहे. ज्या सुविधेचा सारा उद्देश गोपनीयता आहे, तिने पहिल्याच पायरीवर प्रायमरी पासवर्डचा आग्रह धरायला हवा होता. सध्याची ढिलाई हा या प्रोग्राममधील सर्वांत मोठा दोष आहे, असे मी म्हणेन. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर धोका बराच कमी होतो, पण लॅपटॉप सुरू असताना तो दुसऱ्याच्या हाती गेला तर डिस्कच्या एन्क्रिप्शनचा काहीच उपयोग होत नाही.

याच्या उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. खासगी किल्लीची प्रत कुठेच ठेवली नाही आणि संगणक बिघडला, तर आजवर आलेले सर्व एन्क्रिप्ट केलेले ईमेल कायमचे बंद राहतात. पासवर्ड विसरल्यावर तो बदलून देणारी कोणतीही खिडकी येथे नाही, आणि ती नसणे हेच या पद्धतीचे बळ आहे. म्हणून किल्ली तयार झाल्याबरोबर तिची पासफ्रेजने बंद केलेली प्रत काढून संगणकाबाहेर ठेवावी. थंडरबर्डच्या किल्ली-व्यवस्थापकात ही सोय सहज सापडते.

आता समोरच्याच्या किल्लीकडे वळू, कारण थंडरबर्डने सर्वाधिक विचार येथे केलेला दिसतो. एखाद्याची सार्वजनिक किल्ली मिळाली की प्रोग्राम चार पर्याय पुढे ठेवतो: ती नाकारायची, निर्णय नंतरवर टाकायचा, पडताळणी न करता स्वीकारायची, किंवा फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची ओळख पटवणारी अक्षरे व अंकांची छोटी ओळ, स्वतः तपासून स्वीकारायची. वरवर पाहता ही क्षुल्लक निवड वाटते. पण संपूर्ण व्यवस्थेची भिस्त तिच्यावरच आहे. कोणीही कोणाच्याही नावाने किल्ली बनवू शकतो, आणि मधल्या माणसाने आपली किल्ली तुमच्या मित्राची म्हणून तुमच्या गळी उतरवली, तर तुम्ही अत्यंत काळजीपूर्वक बंद केलेला मजकूर त्यालाच वाचता येईल. पडताळणीसाठी दोघांनी फिंगरप्रिंटची अक्षरे आणि अंक एकमेकांशी जुळवून पाहावे लागतात, तेही ईमेलपेक्षा वेगळ्या मार्गाने, म्हणजे प्रत्यक्ष भेटून किंवा ओळखीच्या आवाजाची खात्री असताना फोनवर. पडताळणी न केलेली किल्ली स्वीकारण्याचा पर्याय ठेवला, याबद्दल काही शुद्धतावादी थंडरबर्डला दोष देतात. मला तो व्यवहार्य वाटतो. केवळ चोरून वाचणाऱ्याविरुद्ध तो पुरेसे संरक्षण देतो आणि मध्ये शिरून किल्ली बदलणाऱ्याविरुद्ध देत नाही, एवढा फरक वापरकर्त्याच्या लक्षात असला म्हणजे झाले.

किल्ल्या शोधण्याची सोयही पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. सार्वजनिक किल्ल्या ठेवणाऱ्या जुन्या किल्ली-सर्व्हरवर कोणीही कोणाच्याही पत्त्याने किल्ली चढवू शकत असे, आणि एकदा चढलेली किल्ली काढता येत नसे. २०१९ मध्ये या मोकळेपणाचा गैरफायदा घेऊन काही जणांच्या किल्ल्यांना इतक्या बनावट स्वाक्षऱ्या (किल्ली खरी असल्याची इतरांनी दिलेली डिजिटल ग्वाही) जोडण्यात आल्या की त्या उतरवून घेणारे प्रोग्राम अडखळू लागले. त्याच वर्षी कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ओआरजी हा नवा सर्व्हर सुरू झाला, जो ईमेल पत्त्याची खातरजमा झाल्यावरच त्या पत्त्याखाली किल्ली शोधू देतो. थंडरबर्ड तेथे शोध घेतो, आणि समोरच्याच्या डोमेनवर किल्ल्यांची निर्देशिका असेल तर तीही पाहतो. यामुळे प्रोटॉन मेल वापरणाऱ्याची किल्ली बहुधा एका क्लिकवर मिळते आणि दोन वेगळ्या व्यवस्थांमध्ये एंड-टू-एंड पत्रव्यवहार सुरू होऊ शकतो. खुल्या मानकाचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

१९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी पीजीपी ५.० या तेव्हाच्या नव्या आवृत्तीवर प्रयोग केला होता. त्यात १२ जणांना ९० मिनिटे देऊनही केवळ एक तृतीयांश लोकांना संदेश बरोबर एन्क्रिप्ट करून व स्वाक्षरी करून पाठवता आला. थंडरबर्डमध्ये आज कोणाची किल्ली उपलब्ध नाही, कोणाची स्वीकारलेली नाही आणि पुढे काय करायचे, हे पाठवतानाच एका खिडकीत सांगितले जाते. त्या काळाच्या तुलनेत ही झेप मोठी आहे. मात्र नव्या ईमेलसाठी एन्क्रिप्शन मुळात बंद ठेवलेले असते. शक्य असेल तेथे ते आपोआप सुरू व्हावे असा पर्याय सेटिंगमध्ये आहे आणि तो पहिल्याच दिवशी निवडावा.

संदेशातील काय लपते आणि काय लपत नाही, याबाबत अनेक गैरसमज आहेत. मजकूर, जोडलेल्या फायली आणि त्यांची नावे लपतात. विषयाची ओळ ओपनपीजीपीच्या जुन्या पद्धतीत उघडीच राहत असे. थंडरबर्ड ती मूळ सेटिंगमध्येच आत बंद करतो आणि बाहेर केवळ तीन टिंबे ठेवतो. प्रोटॉन मेलमध्ये विषयाची ओळ एंड-टू-एंड सुरक्षित नसते, हे लक्षात घेता येथे थंडरबर्ड सरस ठरतो. समोरच्याचा प्रोग्राम जुना असेल तर त्याला टिंबांच्याच ओळींची यादी दिसेल, एवढी गैरसोय आहे. कोणी कोणाला लिहिले, केव्हा लिहिले आणि संदेश साधारण किती मोठा आहे, हे मात्र प्रत्येक सर्व्हरला दिसते. शिवाय ज्या ज्या किल्ल्यांसाठी संदेश बंद केला त्यांचे क्रमांक सर्वसाधारणपणे संदेशातच असतात, त्यामुळे बीसीसीमध्ये ठेवलेला वाचक इतरांच्या लक्षात येऊ शकतो.

२०१८ मध्ये युरोपातील संशोधकांनी ईफेल नावाचा हल्ला दाखवला होता, त्याचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराभोवती एचटीएमएल, म्हणजे वेबपानांचा कोड, गुंफून, उघडलेला मजकूरच दूरच्या सर्व्हरकडे वाहून नेण्याची ती युक्ती होती आणि अनेक ईमेल प्रोग्राम तिला बळी पडत होते. त्या त्रुटी नंतर दुरुस्त झाल्या. थंडरबर्डमध्ये बाहेरील चित्रे मुळातच अडवलेली असतात. तो अडसर सोयीसाठी उठवू नये.

रोजच्या वापरात जाणवणारा तोटा शोधाचा आहे. सर्व्हरवरील प्रतीचा मजकूर कोणालाच वाचता येत नाही, म्हणून सर्व्हरवरील शोध त्यात पोहोचत नाही. फोल्डरमध्ये उघडलेली प्रत तयार करून ठेवता येते, पण ते फोल्डर सर्व्हरवर असेल तर एन्क्रिप्शनचा हेतूच संपतो. अशा प्रती स्थानिक फोल्डरमध्येच ठेवाव्यात. फोनवर वाचण्यासाठी अँड्रॉइडमध्ये थंडरबर्डबरोबर ओपनकीचेन हे वेगळे अ‍ॅप लागते आणि खासगी किल्ली तिकडे न्यावी लागते. ही जोडणी चालते, परंतु संगणकावरील सफाई तिच्यात नाही. वेबमेलमधून तर असे ईमेल वाचण्याची आशाच सोडावी, निदान ब्राउझरला वेगळी जोड दिल्याशिवाय.

प्रोटॉन मेल आणि टुटा या सगळ्या त्रासातून सोडवतात हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या आपापल्या वापरकर्त्यांमध्ये किल्ल्यांची देवाणघेवाण कोणाच्या लक्षातही न येता होते, फोन आणि संगणक एकाच वेळी चालतात, आणि टुटा तर विषयाची ओळही बंद करते, जरी ती ओपनपीजीपी वापरत नसल्यामुळे बाहेरच्या जगाशी तिचा मेळ बसत नाही. त्यांच्या मर्यादाही आहेत. साध्या सेवेकडून आलेला ईमेल त्यांच्या सर्व्हरवर पोहोचतो तेव्हा उघडाच असतो. तो नंतर बंद करून ठेवला जातो. ब्राउझरमधून वापरताना एन्क्रिप्शन करणारा कोड दर वेळी त्यांच्याच सर्व्हरवरून येतो. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. मजकूर देणे तिला शक्य नव्हते. एन्क्रिप्शनची हद्द कुठे संपते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते, आणि ती हद्द थंडरबर्डच्या वापरकर्त्यालाही लागू आहे.

आणखी एक मर्यादा ओपनपीजीपी वापरणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला ओलांडता आलेली नाही. ओपनपीजीपीमध्ये एकच किल्ली वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे ती उद्या फुटली तर पूर्वी साठवलेले सर्व संदेश उघडतात. सिग्नलसारख्या संदेशांच्या अ‍ॅपमध्ये किल्ल्या सतत बदलत असल्याने हा धोका बराच कमी असतो. त्यामुळे क्षणभंगुर पण अतिसंवेदनशील संभाषणासाठी मी ईमेलची शिफारसच करणार नाही. ज्यांचा पत्रव्यवहार मोजक्या, ओळखीच्या लोकांशी आणि दीर्घकाळ चालतो, ज्यांना कागदपत्रे पाठवायची आणि जपून ठेवायची असतात, आणि ज्यांना पत्ता बदलणे शक्य नसते, त्यांच्यासाठी थंडरबर्ड उत्तम आहे. त्यांनीही पलीकडच्या व्यक्तीचे उत्तर एकदा नीट पाहून घ्यावे: एन्क्रिप्ट केलेल्या ईमेलला उत्तर देताना थंडरबर्ड स्वतःहून एन्क्रिप्शन सुरू ठेवतो, पण समोरच्याचा प्रोग्राम तसे करत नसेल, तर त्याच्या साध्या उत्तराखाली तुमचा मूळ मजकूर अवतरणात जसाच्या तसा, उघडा, परत येतो.