फाटकावरची दप्तर-तपासणी : एका पालकाचा अभिप्राय

आमच्या मुलीच्या हायर सेकंडरीने गेल्या जूनपासून एका खाजगी सुरक्षा एजन्सीची सेवा घेतली आहे. संस्था गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली आहे, एवढेच सांगतो. तिचे आणि एजन्सीचे नाव मुद्दाम गाळले आहे, कारण हेच पॅकेज आता आसपासच्या इतर संस्थांनाही दाखवले जात आहे आणि होकार देण्यापूर्वी पालकांनी नेमके काय विचारावे, हे त्यांना आधी कळलेले बरे.

सेवेत सकाळी फाटकावर एक पुरुष आणि एक स्त्री रक्षक, हातात धरायचा मेटल डिटेक्टर, दप्तरे उघडण्यासाठी एक टेबल, एक नोंदवही आणि महिन्यातून एकदा वर्गात अचानक झडती, एवढे येते. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे दरमहा ६० रुपये पालक-शिक्षक संघाच्या वर्गणीबरोबर घेतले जातात. आदल्या वर्षी मुलांच्या स्वच्छतागृहात ई-सिगारेटी सापडल्या होत्या, ज्यांच्या विक्रीवर देशभर २०१९ पासून बंदी आहे, आणि एका भांडणात कटर बाहेर निघाला होता. त्यामुळे पालकसभेत या ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो, आणि आजही तो हात पूर्णपणे खाली घेतलेला नाही.

जे चांगले आहे ते आधी सांगतो. रक्षक वेळेवर येतात, धो धो पावसातही टेबलावर ताडपत्री बांधून दप्तरे कोरडी ठेवतात आणि मुलींची तपासणी फक्त बाईच करतात. खाजगी सुरक्षा एजन्सींना २००५ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, त्याची प्रत मागितल्याबरोबर कार्यालयात दाखवली गेली. पहिल्या आठवड्यात जेवणाचे डबेही उघडले जात होते. पण एका डब्यातून सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीचा वास फाटकभर पसरल्यावर तो उत्साह आपोआप मावळला.

सुरक्षा म्हणून मात्र ही सेवा मध्यमच आहे. कदंबची (राज्य परिवहनाची) बस आली की तीस-चाळीस मुले एकदम उतरतात, पहिल्या तासाची घंटा जवळ आलेली असते, आणि मग रक्षक दप्तर बाहेरून चाचपून पुढे सोडतात. कसून तपासणी होते ती आईवडिलांच्या गाडीवरून निवांत येणाऱ्या एकट्यादुकट्याची. ज्याला काही लपवून आणायचे असेल त्याने कोणत्या वेळी यावे, हे आता अकरावीतल्या कोणालाही सांगता येईल.

माझी खरी तक्रार नोंदवहीबद्दल आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधीच्या आठवड्यात माझ्या मुलीच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांचे पाकीट निघाले. ‘बाय, हें कितें गो?’ असे रक्षक बाईंनी विचारले, तिने हळू आवाजात सांगितले, आणि बाईंनी आखलेले रकाने भरले : नाव, वर्ग, तुकडी, वस्तू. वस्तूच्या रकान्यात निळ्या शाईत ‘फिटच्या गोळ्या, १ पाकीट, परत दिले’ असे लिहिले गेले. वही टेबलावर उघडी असते, पेन तिला सुतळीने बांधलेले असते, आणि ज्याच्या दप्तरात काही निघाले तो प्रत्येक जण आपल्या ओळीपुढे सही करायला त्याच पानावर वाकतो. तिचा आजार वर्गशिक्षिकेला आणि दोन मैत्रिणींना ठाऊक होता. मधल्या सुट्टीपर्यंत तो अकरावीच्या दोन्ही तुकड्यांना ठाऊक झाला. बाईंचे यात काही चुकले असे मला वाटत नाही, त्यांनी रकाना होता म्हणून भरला. चूक रकाना आखणाऱ्याची आहे.

दप्तर उघडणे आणि दप्तरात निघालेले चारचौघांत मांडणे यांतला हा फरक न्यायालयांनी फार पूर्वीच ओळखला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या पर्सच्या झडतीबाबत निकाल देताना शाळेला पोलिसांपेक्षा सैल निकष लावला, रास्त संशय पुरेसा मानला, पण झडतीची व्याप्ती कारणाच्या मानाने वाजवीच असली पाहिजे अशी अट घातली. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने ॲरिझोनातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीची, वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून कपडे उतरवून घेतलेली झडती आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणशीरपणा हवा असे सांगितले; बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३ मध्येही मुलाच्या खासगीपणाचे तत्त्व स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. कटर शोधण्याचा हेतू योग्य आहे हे मी मान्य करतो, परंतु परत दिलेल्या औषधाचे नाव मुलीच्या नावासमोर लिहिल्याने कोणता कटर सापडतो, याचे उत्तर एजन्सीच्या पर्यवेक्षकाकडे नव्हते. ‘नोंद नसेल तर आम्ही काम केले हे दिसणार कसे?’ असे ते म्हणाले, आणि त्या प्रश्नात या सेवेचा सगळा हिशेब आला.

लेखी अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत वहीवर पुठ्ठ्याचे झाकण आले आणि ‘वस्तू’ रकान्यात आता फक्त जप्त केलेली वस्तू लिहितात. एवढे झाले याचे श्रेय मुख्याध्यापकांना आहे. वर्गातली अचानक झडती मात्र तशीच चालू आहे. पुढच्या वर्षी नोंदी ॲपवर नेण्याचा एजन्सीचा प्रस्तावही आला आहे, आणि त्याला माझा विरोध राहील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल धरले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. त्याच्या नियमांत शाळांना सुरक्षिततेच्या कारणासाठी काही मोकळीक असली, तरी नोंदी किती दिवस ठेवणार आणि करार संपल्यावर त्या कोणाकडे राहणार, याबद्दल प्रस्तावात एक ओळही नाही.

पाचपैकी अडीच गुण. त्यातला एक एकट्या रक्षक बाईंचा. मुलगी आता गोळ्या कंपासपेटीत ठेवते. बाईंना ते ठाऊक आहे, आणि तिची कंपासपेटी त्या उघडत नाहीत.